पार्श्वभूमी : लालीबेलाची यात्रा आणि चर्चवरील छतांचा वाद

उत्तर इथिओपियात सुमारे २,५०० मीटर उंचीवर असलेल्या लालीबेला येथील ११ चर्च ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यांना कळसापासून पायाकडे कोरत जाण्याची रीत वेगळी सांगायला नको. परंपरेप्रमाणे हे काम बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळातले असून, ते करवून घेणाऱ्या झाग्वे वंशातील राजाचेच नाव पुढे गावाला मिळाले. ११८७ मध्ये जेरुसलेम मुस्लिम सुलतान सलादिनच्या हाती गेल्यावर पर्यायी तीर्थ म्हणून ही चर्च कोरली गेली, असे सर्रास सांगितले जाते आणि येथील ओढ्याला जॉर्डन नदीचेच नाव आहे; तथापि काही वास्तू याच्या बऱ्याच आधीच्या असाव्यात, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

अलीकडचा इतिहास मुख्यतः पाण्याचा आहे. हा खडक सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो, नंतर सुकतो आणि तडकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास भिंतींवर डांबराचा थर देऊन वरून तांबडा रंग फासण्यात आला. तो उपाय अंगाशी आला आणि १९६० च्या दशकात हे लेप खरवडून काढावे लागले. १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतरही गळती थांबली नाही. अखेर युरोपीय निधीतून पाच चर्चवर पोलादी खांबांची अवाढव्य छते उभारण्यात आली आणि हे काम २००८ मध्ये पूर्ण झाले.

ही छते तात्पुरती म्हणून उभारली होती, हे वादात अनेकदा विसरले जाते. पाऊस अडवण्याचे काम त्यांनी केले, हे मान्य करायला हवे. मात्र पाणी अजिबात न मिळाल्याने खडक गरजेपेक्षा जास्त कोरडा पडतो, असा आक्षेप निघाला आणि वाऱ्याने हलणारे हे अवजड सांगाडे एखाद्या दिवशी चर्चवरच कोसळतील, या भीतीने २०१८ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हते, कारण त्या छतांखाली रोज उपासना चालते. ७ जानेवारीच्या गेन्ना सणाला, म्हणजे इथिओपियन नाताळाला, पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो भाविक येतात, कित्येक जण अनेक दिवस पायी चालून. बेत मरियम या चर्चभोवतीच्या कातळकड्यावर पुरोहितांची एक रांग आणि खाली चौकात दुसरी, अशी आळीपाळीने स्तोत्रे गायली जातात, आणि याच चर्चवर एक छत आहे.

छताविना दुरुस्ती अशक्य नव्हती. बेत गब्रिएल-रुफाएल या चर्चमध्ये स्थानिक कारागिरांना हाताशी धरून ती करण्यात आली. २०१९ मध्ये फ्रान्सने मदतीचे आश्वासन दिले, परंतु २०२१ मध्ये यादवी युद्धात गावाचा ताबा एकाहून अधिक वेळा बदलला आणि जतनाचा प्रश्न साहजिकच मागे पडला.