जाडी के पातळी? चार्जरचा घोळ नेमका कुठून सुरू झाला

"जाडी के पातळी?" २००६-०७ च्या सुमारास बडोद्याच्या मंगळ बाजारात चार्जर मागितला की दुकानदार एवढंच विचारायचा. कंपनी विचारायचाच नाही, नोकियाच असणार हे धरूनच चालायचं. जाडी म्हणजे साडेतीन मिलीमीटरची पिन, ३३१० आणि ११०० वाली, आणि पातळी म्हणजे दोन मिलीमीटरची, जी नंतरच्या मॉडेलांना आली. आमच्या घरी दोन्ही होत्या, आणि लग्नाकार्याला बाहेरगावी गेलं की हॉलवर कोणीतरी हमखास ओरडत फिरायचं, पातळ पिनचा आहे का कुणाकडे. सोनी एरिक्सनवाल्यांची पिन चपटी, सॅमसंगच्या मॉडेलागणिक वेगळ्या, मोटोरोलाच्या रेझरला मिनी यूएसबी. थोडक्यात योग्य चार्जर म्हणजे ज्याची पिन बसते तो, बाकी डोकं लावायचं कारणच नव्हतं.

आणि काहीच बसलं नाही तर तो चिमट्यावाला युनिव्हर्सल चार्जर असायचाच, फोनमधून बॅटरी काढायची, चिमट्यात पकडायची, दोन तारा सरकवून बॅटरीच्या टोकांना टेकवायच्या आणि लाल-हिरवे दिवे लुकलुकत बसायचे. आज विचार केला तर अंगावर काटा येतो, कारण लिथियम बॅटरी साधारण ४.२ व्होल्टला थांबवावी लागते आणि त्या डबीत थांबवायचं काम कितपत होत होतं देव जाणे. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल सूचना काढली, मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेल्या जवळपास ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात म्हणून बदलून देऊ म्हणाले, तेव्हा सगळे बॅटरी काढून मागचा नंबर वाचत बसले होते. पण चिमट्यावर कुणी संशय घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गंमत बघा, आज जवळजवळ सगळ्या नव्या फोनची पिन एकच, टाईप-सी, आणि तरीही मागच्या महिन्यात आत्याचा नवा फोन आला, खोक्यात चार्जर नाही, तिने विचारलं "अरे घरात पाच चार्जर पडलेत, कुठला लावू?" आणि मला चटकन सांगता येईना. पिन सगळ्यांची बसते ना. मला वाटतं याचं मूळ इथे आहे की आपण ज्या वायरीने फोन चार्ज करतो ती मुळात चार्जिंगसाठी बनलेलीच नव्हती, चार्जिंग तिच्यात नंतर भाडेकरूसारखं शिरलं आणि मग सगळं घरच ताब्यात घेतलं.

यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड जानेवारी १९९६ चं. त्यामागचं मोठं नाव अजय भट्ट, इंटेलमधले, आणि ते पदवीधर आपल्या एमएस युनिव्हर्सिटीचे. (ज्या कलाभवनाची सुरुवात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये केली तेच पुढे या युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं, त्यामुळे बडोद्यात यूएसबीचा विषय निघाला की छाती दोन इंच फुगवायचा हक्क आपला आहे.) २०१९ ला त्यांना पद्मश्रीही मिळाली. तर त्यांची अडचण फोनची नव्हतीच, घरच्यांना साधा प्रिंटर जोडताना किती वैताग येतो हे ते बघत होते. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर सगळं एका सॉकेटात जावं एवढंच डोक्यात. ती पिन तिसऱ्या प्रयत्नात का बसते यावरही त्यांनी सांगितलंय, दोन्हीकडून बसणारी केली असती तर तारा आणि सर्किट दुप्पट झालं असतं आणि खर्चही. त्या वायरीतून ५ व्होल्ट दिले ते माऊससारख्या छोट्या वस्तूंना पुरावेत म्हणून, जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट.

या अडीच वॉटवर फोन चार्ज करायची टूम निघाली आणि इथून गुंता सुरू. चीनने २००६ मध्ये नियम काढला की चार्जरच्या बाजूला यूएसबीचं सॉकेट पाहिजे, म्हणजे डबा एकच राहील आणि वायर बदलता येईल. मग फोनला कळावं कसं की आपण कॉम्प्युटरला लागलोय की भिंतीला? त्यावर तोडगा अगदी देशी वाटावा असा निघाला, भिंतीच्या चार्जरात डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या, फोन ते बघतो आणि समजतो की इथे डेटा-बिटा काही नाही, बिनधास्त जास्त ओढा, दीड अँपिअरपर्यंत.

२००९ च्या जूनमध्ये युरोपियन कमिशनने कंपन्यांकडून करार करून घेतला, कारण तिकडे ३० च्या वर प्रकारचे चार्जर झाले होते. मायक्रो यूएसबी ठरलं. ती पिन नाजूक म्हणून आपण शिव्या घातल्या, पण तिच्यात एक हुशारी होती, पकडणारे छोटे स्प्रिंग फोनच्या सॉकेटात न ठेवता वायरीच्या टोकाला ठेवले, म्हणजे झिजायचं ते वायरीने झिजावं, शंभर रुपयांत नवी येते. अ‍ॅपलने करारावर सही केली पण वेगळा जोड विकून आपली पिन तीच ठेवली आणि २०१२ मध्ये लाईटनिंग आणलं.

मग स्क्रीन मोठ्या झाल्या, बॅटऱ्या मोठ्या झाल्या, आणि पिन एक झाली तरी आतली भाषा फुटली. फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने क्विक चार्जमध्ये व्होल्ट वाढवले, ५ चे ९, १२. कारण तारेत वाया जाणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणून अँपिअर कमी ठेवून व्होल्ट वाढवलेले बरे. पण मग ते व्होल्ट फोनमध्ये उतरवावे लागतात आणि फोन तापतो. ओप्पोने २०१४ ला उलटं केलं, व्होल्ट कमीच ठेवले, अँपिअर वाढवले, उतरवायचं काम डब्यात ठेवलं, फोन थंड, पण वायर जाड पाहिजे आणि तीही त्यांचीच. दोन्ही बरोबर, फक्त एकमेकांचं बोलणं कळत नाही. अशा अडॅप्टरवर दुसरा फोन लावला की बरेचदा साध्या ५ व्होल्टवर येऊन थांबतो, आणि आपण म्हणतो ८० वॉटचा आहे तरी स्लो का.

टाईप-सी २०१४ चं, २४ पिना, उलटंसुलटं कसंही लावा. त्याच्या जोडीला पॉवर डिलिव्हरी, पीडी, यात फोन आणि चार्जर आधी बोलून घेतात, ५ देऊ की ९ की १५ की २०. पण हे बोलणं सुरू व्हायला समोरच्या वस्तूत ५.१ किलो-ओहमचे बारकुले रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त ट्रिमर, इअरफोन बनवणारे तेच गाळतात. म्हणून टाईप-सी ट्रिमर दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या नव्या वायरीवर मेल्यासारखा पडतो आणि जुन्या चौकोनी पिनच्या वायरीवर झटकन चालू होतो, ट्रिमर खराब नाही, तो मुका आहे! उलट चुकीच्या वायरीही निघाल्या, गुगलचे इंजिनिअर बेन्सन लुंग असल्या वायरी तपासत होते आणि २०१६ मध्ये एका उलट्या जोडलेल्या वायरीने त्यांचा लॅपटॉपच गेला.

२०२० ला अ‍ॅपलने खोक्यातून अडॅप्टर काढला, मागोमाग बाकीच्यांनी, आणि निवडायचं ओझं आलं आपल्या गळ्यात. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाईप-सी सक्तीचं आहे, आणि १५ वॉटच्या वर चार्जिंग देत असाल तर पीडी पण चालायलाच पाहिजे, मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, पिनपेक्षा भाषा एक झालेली बरी. आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, टाईप-सीचं भारतीय मानक काढलंय, आणि चार्जरवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. मी एकदा रस्त्यावरून दीडशेचा घेतला होता, त्यावर नंबर-बिंबर काही नव्हतं, तो लावला की स्क्रीन आपोआप उड्या मारायची, आतला वीजेचा खरखराट टचपर्यंत पोचत होता.

तर आत्याचा फोन २५ वॉटचा, त्याला पीपीएसवाला पीडी लागतो, पीपीएस म्हणजे व्होल्ट थोडे थोडे वरखाली करता येतात ते. घरातल्या पाचपैकी तसा एकही नव्हता. मग दादाचा लॅपटॉपचा ६५ वॉटचा पीडी लाव म्हटलं, थोडा हळू होईल इतकंच, तुला रात्रीच लावायचाय.

"पासष्ट? जळेल की रे!"

नाही जळत, खरा चार्जर फोनच्या आतच असतो, भिंतीवरचा डबा नुसता पुरवठा करतो आणि फोन मागेल तेवढंच देतो. तिने ऐकून घेतलं, लावला, आणि पहिला अर्धा तास फोनवर हात ठेवून बसून राहिली.