पांढरं औषध आणि जळणारा हात

ऑपरेशन टेबलवर पेशंट आडवा झालेला असतो. छातीवर ईसीजीचे स्टिकर, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकातोंडावर मास्क. हाताच्या मागच्या बाजूला लावलेल्या इंट्राकॅथमधून आम्ही दुधासारखं पांढरं औषध सोडायला लागतो आणि काही सेकंदांतच ऐकू येतं, "डॉक्टर, हात जळतोय हो!" कुणी हात आखडून घेतं, कुणी नुसतंच कण्हतं. मग डोळे मिटतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. "दहा सेकंदांचं दुखणं, पुढे झोपच लागते की," हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. आधीच धास्तावलेल्या माणसाला शुद्धीतला शेवटचा अनुभव म्हणून आपण आग देतो, आणि शुद्धीवर आल्यावर बऱ्याच जणांना ती आठवते. शिवाय ती बरीचशी टाळता येते.

त्या पांढऱ्या औषधाचं नाव प्रोपोफॉल. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत काम करणारे पशुवैद्यक जॉन ग्लेन यांनी १९७३ साली त्याचा भूल देणारा गुण उंदरांवर ओळखला. औषध उत्तम, पण पाण्यात विरघळेना. म्हणून सुरुवातीला एरंडेल तेलापासून बनवलेल्या एका द्रावकात ते विरघळवलं गेलं. त्या द्रावकामुळे काही पेशंटना तीव्र ॲलर्जी झाली आणि ते रूप सोडून द्यावं लागलं. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन वापरून त्याचं दुधासारखं मिश्रण केलं गेलं. आजचा पांढरा रंग त्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा. १९८६ साली ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्याआधीचं भुलीचं औषध पेन्टोथाल शिरेत फारसं दुखत नसे, पण प्रोपोफॉलने पेशंट लवकर आणि स्वच्छ जागा होतो, उलट्या कमी होतात. म्हणून जगभर तेच रुळलं. ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

आता आग का होते ते पाहू. प्रोपोफॉल हे फिनॉलच्या कुळातलं रसायन आहे आणि फिनॉल त्वचेला, श्लेष्मल पडद्याला झोंबतं. शिरेच्या भिंतीतही वेदना पोहोचवणारी मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांच्यावर छोटी छोटी दारं असतात, ठरावीक रसायन आलं की उघडणारी. त्यातल्या एका दाराचं नाव टीआरपीए-१. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी झणझणीत कळ जाते, ती याच दारातून. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रोपोफॉलही हेच दार ठोठावतं. ज्या उंदरांमध्ये जनुकीय बदल करून हे दार काढून टाकलं होतं, त्यांना त्याची आग जाणवली नाही. म्हणजे पेशंट "झोंबतंय" म्हणतो तेव्हा तो अगदी अचूक शब्द वापरत असतो.

ही आग कधी लगेच जाणवते, कधी दहा-वीस सेकंद थांबून. लगेचची आग थेट स्पर्शाची. उशिराच्या आगीत ब्रॅडीकायनिन नावाच्या पदार्थाचा हात असावा असं मानतात. त्याने शीर रुंदावते, तिची भिंत थोडी पाझरू लागते आणि औषध मज्जातंतूंच्या आणखी जवळ पोहोचतं.

यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. तेलाच्या थेंबात दडलेलं प्रोपोफॉल झोंबत नाही. थेंबाबाहेर, पाण्याच्या भागात मोकळं फिरणारं थोडंसं प्रोपोफॉल झोंबतं. म्हणून काही कंपन्यांनी सोयाबीन तेलाच्या जोडीला मध्यम लांबीच्या साखळीचे मेद घातले, जे खोबरेल तेलापासून वेगळे काढता येतात. त्यामुळे मोकळं औषध कमी होतं आणि आगही कमी होते. पूर्ण जात मात्र नाही.

मग काय करायचं? याचा अभ्यास कमी झालेला नाही. २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात १७७ चाचण्या आणि २५ हजारांहून अधिक पेशंटची माहिती एकत्र करणारा आढावा आला. काहीच उपाय केला नाही तर दहांतल्या साधारण सहा जणांना हे इंजेक्शन दुखतं, असं त्यात दिसलं. आणि सर्वांत प्रभावी ठरलेल्या दोन उपायांना महागडं यंत्र लागत नाही, नवं औषधही लागत नाही.

पहिला उपाय म्हणजे शीर बदलणं. हाताच्या मागच्या बारीक शिरेऐवजी कोपराच्या खळगीतली जाड शीर घ्यायची. तिथे रक्ताचा प्रवाह मोठा, त्यामुळे औषध पटकन पातळ होतं आणि भिंतीला कमी घासतं. अडचण एवढीच की कोपर वाकला की सलाईन अडतं, आणि औषध शिरेबाहेर गेलं तर तिथे चटकन लक्षात येत नाही. म्हणून हाताची मागची शीर घेण्याची सवय सुटत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो जवळजवळ कुठेही करता येतो. दंडाला किंवा मनगटाच्या वर पट्टा आवळायचा आणि प्रोपोफॉलच्या आधी शिरेत थोडं लिग्नोकेन सोडायचं. हे तेच बधिर करणारं औषध, जे दाताच्या डॉक्टरांमुळे आपल्याकडे झायलोकेन या नावाने घरोघरी माहीत आहे. पट्ट्यामुळे ते पुढे वाहून जात नाही, शिरेतच साठून राहतं आणि भिंतीतल्या मज्जातंतूंना गप्प करतं. एखादा मिनिट थांबायचं, पट्टा सोडायचा, मग प्रोपोफॉल द्यायचं. साधारण ४० मिलिग्रॅम लिग्नोकेन, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे दोन मिलिलिटर पुरतात.

पट्टा बांधायला वेळ नसेल तर अनेक जण लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळतात. त्यानेही फरक पडतो. मात्र ते जास्त प्रमाणात मिसळून सिरिंज तशीच ठेवली तर तेलाचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागतात. म्हणून मिसळायचं तर अगदी देण्याआधी, आणि बेतानेच. फेंटानिलसारखं वेदनाशामक किंवा केटामिनची छोटी मात्रा आधी देऊनही दुखणं कमी होतं. औषध फ्रीजमध्ये थंड करून देण्याचे निकाल मात्र कधी असे, कधी तसे आले आहेत. मी त्यावर विसंबत नाही.

प्रोपोफॉलनंतर दिलं जाणारं, स्नायू सैल करणारं रोक्युरोनियमही आम्लधर्मी असल्याने झोंबतं. झोपलेला पेशंट, विशेषतः लहान मूल, तेव्हा हात झटकन ओढून घेतो. बेशुद्धीतही शरीराला ते कळतं.

आता औषधांपलीकडची एक गोष्ट. आपल्याकडे सुई टोचताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" असं म्हणायची रीत आहे. हेतू चांगलाच असतो. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाळंतपणासाठी पाठीत भूल घेणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले होते. त्वचा बधिर करण्याचं इंजेक्शन देताना एका गटाला सांगितलं, "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात त्रासाचा भाग." दुसऱ्या गटाला सांगितलं, "आता हा भाग बधिर करतोय, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही." इंजेक्शन तेच. दहापैकी किती दुखलं असं विचारल्यावर पहिल्या गटाचा मधला आकडा ५ आला, दुसऱ्याचा ३. तेव्हापासून मी मुंगी सोडून दिली. खोटं बोलायचं नाही, "दुखणारच नाही" असंही नाही. "आधी शीर बधिर करतोय, हाताला थोडं गरम वाटलं तर मला सांगा," एवढं पुरतं.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा बहुतेक जण जेवण कधी झालं आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत, एवढंच सांगतात. मागच्या वेळी भूल देताना हात जळला असेल तर तेही तेव्हाच सांगा. लहान मूल असेल तर सुई लावण्याआधी तासभर बधिर करणारं मलम लावून ठेवता येईल का, तेही विचारा. तुमच्या एका वाक्यावरून आम्ही त्या दिवशी पट्टा हाताशी ठेवतो.