एच. एल. हनली (पाणबुडी)

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील राज्यांनी वापरलेली, माणसांनी हाताने क्रँक फिरवून चालवायची लोखंडी पाणबुडी. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री हिने दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन बंदराबाहेर नांगरून उभी असलेली उत्तरेच्या नौदलाची ‘हाउसाटॉनिक’ ही युद्धनौका बुडवली. लढाईत शत्रूचे जहाज बुडवणारी ही जगातली पहिली पाणबुडी. मात्र त्याच रात्री ती आपल्या आठही माणसांसह तळाला गेली. त्याआधी ती दोनदा बुडाली होती आणि दोन्ही वेळा बाहेर काढून पुन्हा कामाला लावली होती. या तीन खेपांत तिच्यावरची एकवीस माणसे मेली. ‘हाउसाटॉनिक’वरची मेली पाच.

उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखून धरली होती. ही नाकेबंदी फोडायला जहाजांचे बळ दक्षिणेकडे नव्हते, तेव्हा खाजगी पैशातून असे प्रयोग सुरू झाले. हॉरेस लॉसन हनली, जेम्स मॅक्लिंटॉक आणि बॅक्स्टर वॉटसन यांनी पहिली पाणबुडी, ‘पायोनियर’, न्यू ऑर्लिन्सला बांधली. एप्रिल १८६२ मध्ये ते शहर पडले तेव्हा ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनीच बुडवली. दुसरी, ‘अमेरिकन डायव्हर’, अलाबामा राज्यातल्या मोबील येथे तयार झाली. तिच्यासाठी मॅक्लिंटॉकने आधी विजेची मोटार आणि मग वाफेचे इंजिन करून पाहिले, पण दोन्हींतून पुरेसा जोर मिळेना, म्हणून तो हाताच्या क्रँककडे परतला. फेब्रुवारी १८६३ मध्ये तीही मोबीलच्या उपसागरात बुडाली. हनली ही तिसरी. ती मोबीलच्याच पार्क अँड लायन्स या यंत्रशाळेत बांधली गेली आणि जुलै १८६३ मध्ये पाण्यात उतरली.

रचना : जुना बॉयलर कापून त्याची पाणबुडी केली, अशी समजूत शंभर वर्षे चालत आली. पुढे समुद्रतळाशी सापडलेली पाणबुडी पाहिल्यावर ती टिकत नाही. दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले हे कवच पाणबुडीसाठीच घडवलेले आहे. पत्रे एकावर एक न चढवता कडेला कड भिडवून जोडले आहेत आणि पाणी अडू नये म्हणून रिव्हेटांची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवली आहेत. लांबी सुमारे १२ मीटर, कवचाची उंची १.३ मीटर. आत उभे राहणे सोडाच, नीट ताठ बसणेही कठीण. वर पुढे आणि मागे दोन बुटके बुरूज, त्यांना छोट्या काचेच्या खिडक्या आणि आतून बंद होणारी झाकणे. झाकणाचे तोंड साधारण ४२ सेंमी रुंद आणि ५३ सेंमी लांब. त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही अंग चोरून, आत-बाहेर करू शकतो.

सात माणसे डाव्या बाजूच्या बाकावर ओळीने बसून क्रँक फिरवत. क्रँकचा दांडा मधोमध नसून उजवीकडे सरकवलेला होता. तो अख्ख्या खोलीची लांबी अडवत असल्याने एकदा बसल्यावर कुणाला कुणाच्या पलीकडे जाता येत नसे. मागच्या माणसाला बाहेर पडायचे तर मागचे झाकण, पुढच्याला पुढचे. मधल्यांनी थांबायचे. दांड्याचा फेरा गिअर आणि साखळीमार्फत मागच्या पंख्याला मिळे. पंख्याभोवती लोखंडी कडे होते. संथ पाण्यात वेग ताशी चार मैलांच्या आसपास. उलट्या ओहोटीत तेवढाही नाही.

आठवा माणूस, म्हणजे नायक, पुढच्या बुरुजाखाली बसे. सुकाणू, होकायंत्र, खोली दाखवणारी पाऱ्याची नळी, दोन्ही बाजूंच्या बुडीच्या पंखांचा (पाणबुडीला खाली-वर वळवणाऱ्या आडव्या पात्यांचा) दांडा, पुढच्या टाकीचा नळ आणि पुढचा हातपंप, हे सगळे त्या एकट्याकडे होते. रचनेतली खरी अडचण इथे आहे. चुकीला जागा ठेवायची तर ही कामे निदान दोघांत वाटायला हवी होती.

बुडणे आणि वर येणे : दोन्ही टोकांना नीरमाची (बॅलास्टची) एकेक टाकी. नळ उघडला की समुद्राचे पाणी आपोआप आत येई, बाहेर काढायचे ते हातपंपाने. टाकीची भिंत मात्र छतापर्यंत गेलेली नव्हती. टाकी तुडुंब भरली, किंवा नाक खाली झुकले, की पाणी भिंतीवरून थेट माणसांच्या खोलीत सांडे.

क्रम असा. झाकणे आतून आवळायची. नायक मेणबत्ती लावी. मग दोन्ही टाक्यांत बेताने पाणी घेत आणि बुरुजाच्या काचेतून पाहत राहत. कवचाची पाठ पाण्याखाली सात-आठ सेंमी गेली की नळ बंद. या अवस्थेत पाणबुडी जेमतेम तरंगती असे. पुढचे बुडणे पाण्याने नव्हे, तर चालत्या वेगात बुडीचे पंख खाली झुकवून. क्रँक थांबला तर पंखांना जोर मिळत नाही. वर येताना पंख वर आणि दोन्ही पंप चालू. शेवटचा उपाय म्हणून तळाला लोखंडी ठोकळे बोल्टांनी लावले होते. आतून बोल्ट फिरवून ते सोडून देता येत.

हवेसाठी पुढच्या बुरुजामागे दोन नळ्या आणि भाता होता. पूर्ण बुडाल्यावर मात्र आत असेल तीच हवा. मेणबत्ती साधारण पंचवीस मिनिटांत विझे. माणसे किती टिकतात हे पाहायला पथकाने मुद्दाम तळाशी बसून चाचणी घेतली. कुणीही एकाने ‘वर’ म्हटले की निघायचे, असे ठरले होते. दोन तास पस्तीस मिनिटांनी सगळे एकदमच ओरडले. पुढचा पंप चालला, मागचा पाणीच ओढेना. मागे बसलेल्या विल्यम अलेक्झांडरने अंधारात पंपाचे टोपण काढून झडप उचलली आणि तीत अडकलेले समुद्री शेवाळ उपसले, तेव्हा सुटका झाली. पंप कुठे उघडतो हे हाताला पाठ असल्याने निभावले.

दोन अपघात : ऑगस्ट १८६३ मध्ये पाणबुडी रेल्वेने चार्ल्सटनला आणली आणि लष्कराने थोड्याच दिवसांत ताब्यात घेतली. २९ ऑगस्टला फोर्ट जॉन्सनच्या धक्क्याजवळ, झाकणे उघडी असतानाच ती बुडाली. नायक लेफ्टनंट पेन याचा पाय बुडीच्या दांड्यावर पडला, असे एक कारण सांगतात. जवळून गेलेल्या आगबोटीच्या लाटा आत शिरल्या, असे दुसरे. पेन आणि आणखी दोघे निसटले, पाच जण आत अडकले.

१५ ऑक्टोबरला स्वतः हनली नायक होता. बंदरातल्या ‘इंडियन चीफ’ या जहाजाखालून जाण्याचा सराव चालू होता. पाणबुडी बुडाली ती वर आलीच नाही. बाहेर काढली तेव्हा नाक चिखलात रुतलेले आणि पुढच्या टाकीचा नळ उघडाच होता. तळच्या ठोकळ्यांचे बोल्ट अर्धवट फिरवलेले होते. म्हणजे काय करायचे हे माणसांना कळले होते, पण वेळ पुरला नाही. आठही जण गेले. यानंतर चार्ल्सटनच्या बचावाचा दक्षिणेकडील सेनापती जनरल बोरेगार्ड याने बराच आढेवेढा घेऊन परवानगी दिली, तीही पाण्याखालून हल्ला न करण्याच्या अटीवर. नवा नायक लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन. मागचे अपघात माहीत असूनही स्वयंसेवक मिळाले, त्यांतले काही ‘इंडियन चीफ’वरचेच.

शस्त्र : मूळ बेत असा, की लांब दोराने सुरुंग मागे ओढत न्यायचा, शत्रूच्या जहाजाखालून पलीकडे निघायचे, म्हणजे सुरुंग जहाजाला धडकेल. मोबीलला एका सपाट बोटीवर हे जमले. चार्ल्सटनच्या प्रवाहात आणि उथळ पाण्यात सैल दोर सुरुंगासकट स्वतःच्याच पंख्याकडे येण्याची भीती होती. म्हणून नाकाच्या तळाशी सुमारे पाच मीटरचा लोखंडी दांडा बसवून त्याच्या टोकाला ६१ किलो काळी दारू भरलेला तांब्याचा सुरुंग लावला. त्यामुळे जहाजाखालून जायची गरज संपली, पण स्फोट पाच मीटरवर आला.

हल्ला : ऑक्टोबरात उत्तरेच्या ‘न्यू आयर्नसाइड्स’ या चिलखती जहाजावर दक्षिणेच्या सुरुंगी बोटीचा हल्ला झाल्यापासून बंदराजवळची उत्तरेची चिलखती जहाजे रात्री सावध असत. म्हणून लाकडी आणि खूप बाहेर उभी असलेली ‘हाउसाटॉनिक’ (१,२४० टन) निवडली. सलिव्हन बेटाच्या टोकाशी असलेल्या ब्रीच इनलेटमधून ओहोटीबरोबर निघायचे आणि भरतीबरोबर परतायचे, असे गणित होते. माणसांच्या हातांवर सहा-सात किलोमीटर जाऊन तेवढेच परत यायचे तर पाण्याची साथ हवीच.

रात्री पावणेनऊच्या सुमारास जहाजावरच्या पहारेकऱ्याला पाण्यात फळकुटासारखे काहीतरी सरकताना दिसले. इतक्या जवळ आणि खाली तोफा रोखता येईनात, म्हणून बंदुका झाडल्या. नांगराची साखळी सोडून जहाज मागे घ्यायचा प्रयत्न झाला. सुरुंग उजव्या बाजूला, मागच्या डोलकाठीजवळ फुटला आणि पाच-सात मिनिटांत जहाज तळाला टेकले. पाणी उथळ असल्याने डोलकाठ्या वर राहिल्या आणि बहुतेक खलाशी त्यांवर चढून वाचले.

पाणबुडी का बुडाली : १९९५ मध्ये ती गाळाखाली सापडली आणि ८ ऑगस्ट २००० रोजी पट्ट्यांच्या झोळीत उचलून वर काढली. माणसांचे सांगाडे आपापल्या जागी बसल्यासारखे मिळाले. झाकणांकडे धावपळ झाल्याच्या खुणा नाहीत, तळचे ठोकळे सोडलेले नाहीत, पंप खोलीतले पाणी उपसण्यासाठी वळवलेला नाही. ऑक्टोबरातल्या अर्धवट फिरवलेल्या बोल्टांशी हे ताडून पाहावे. सुरुंग जहाजात रुतवून दूर गेल्यावर दोरी ओढून फोडला, असे आधी मानत. २०१३ मध्ये दांड्याच्या टोकाला सुरुंगाच्या तांब्याच्या कवचाचा तुकडा चिकटलेला आढळला, आणि स्फोटावेळी सुरुंग दांड्यावरच होता हे ठरले. स्फोटाच्या धक्क्याने फुप्फुसे फाटून माणसे जागीच मेली, असे २०१७ च्या एका अभ्यासाचे म्हणणे आहे. गुदमरणे आणि पाणी शिरणे हे तर्कही अजून मांडले जातात.

माणसांचे अवशेष १७ एप्रिल २००४ रोजी चार्ल्सटनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत आधीच्या दोन पथकांशेजारी पुरले. पाणबुडी नॉर्थ चार्ल्सटनच्या वॉरन लॅश संवर्धन केंद्रात आहे. लोखंडात मुरलेले क्षार निघाले नाहीत तर हवेत ते पापुद्रे धरून झडते, म्हणून २०१४ पासून ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून ठेवतात. काम करायचे तेव्हा टाकी रिकामी करतात आणि संपले की पुन्हा भरतात.