नाशकातली जुनी फोर बाय फोर: लिफ्टच्या आधी थोडा इतिहास

नवी थार घेतलेली पोरंसुद्धा हल्ली विचारत येतात की एखादी जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप किंवा मारुतीची जिप्सी बघण्यात आहे का, आणि गाडी मिळाली की दुसऱ्याच दिवशी फोन, लिफ्ट किती इंच करू, म्हणजे गाडी किती उंच करू, टायर कोणते टाकू. उत्साह खरा आहे, मला आवडतो तो. पण जुन्या फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत, काय बदलता येतं, काय बदललं की गाडी अंगावर येते, यातलं बरंचसं ऐंशी वर्षांपूर्वीच ठरून गेलंय, आणि ते माहीत नसताना गॅस कटर लावला की पैसे जातात आणि चांगली गाडीपण जाते. म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवात अमेरिकेत. १९४० मध्ये तिकडच्या लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने दिला पण मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्डकडे, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, चारही चाकांना कमानीचे पाटे. युद्ध संपल्यावर विलीजने हीच गाडी शेतकऱ्याला विकायची ठरवली, १९४५ ची सीजे २ए ती, सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. आता गंमत इथे आहे, शेतात नांगर ओढायचा म्हणून त्यांनी एक्सलचा रेशो, म्हणजे तिथल्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण, ४.८८ वरून ५.३८ केला आणि ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअरपण आणखी खाली आणला. म्हणजे जुनी सीजे हायवेला सत्तरच्या पुढे किंचाळते आणि चिखलात मात्र आयडलवर मुंगीसारखी चढते, तो काही बिघाड नाही, ती मुळात ट्रॅक्टरची धाकटी बहीण म्हणूनच बनलेली आहे. नुसता आवाज कमी करायला रेशो बदलणारे बघितलेत मी, आणि नंतर चढाला क्लच जाळणारेपण तेच.

आपल्याकडे महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात केली. कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली, नाव महिंद्रा अँड मोहम्मद, फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आपल्या गावोगावी दिसायची ती उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे ३बी. बॉनेट उंच का, तर १९५३ मध्ये विलीजने जे नवीन इंजिन टाकलं ते जुन्यापेक्षा उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना, बस एवढंच कारण. अमेरिकेत ती १९६८ ला बंद पडली, आपल्याकडे मात्र तीच जात पुढे कित्येक वर्षं चालू राहिली, आणि म्हणूनच तिचे पार्ट अजून मिळतात.

आता नाशिक. हे नीट समजून घ्या, कारण नाशकात या गाड्यांना हात बसलेला माणूस गल्लोगल्ली का सापडतो याचं उत्तर इथेच आहे. ओझरला एचएएल १९६४ पासून, विमानं बनवणारी, म्हणजे मायक्रॉनमध्ये काम करणारे फिटर-टर्नर जिल्ह्यात तयार झाले. सातपूरला मायको, जिच्या नावाने आजही मायको सर्कल म्हणतो आपण, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, नाव बदलून बॉश होऊन किती वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी मायकोच आहे. मग सातपूरलाच महिंद्राचा प्लँट, आणि इगतपुरीला इंजिनं. या तिघांच्या भोवती सातपूर-अंबडला प्रेस शॉप, लेथ, कास्टिंग, गिअर कटिंगची छोटी-मोठी शेकडो शेडं उभी राहिली. बोलेरो, स्कॉर्पिओ, २०१० ची थार, २०२० ची नवी थार, सगळ्या इथल्याच. त्यामुळे एखादा बुश मिळत नसेल तर दुसऱ्या शहरात माणूस पार्ट शोधत बसतो, आपल्याकडे जुना बुश खिशात घालून अंबडला जातो आणि दुपारपर्यंत नवीन कातून आणतो.

इगतपुरीच्या इंजिनाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझ्या गाडीत तेच आहे. पेट्रोल महाग होत गेलं तसं जीपला बरं डिझेल इंजिन हवंच होतं, महिंद्राने फ्रान्सच्या पुजोकडून १९७९ मध्ये लायसन्स घेतलं, इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. नावातच सगळं आहे बघा, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, स्ट्रोक ८३, हिशोब करा, बरोबर २११२ सीसी येतात. हे जुन्या पद्धतीचं, डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये जातं, म्हणून आवाज जरा मऊ पण थंडीत हीटर प्लगशिवाय चालू होत नाही. डिसेंबरात पहाटे गाडी चालू होत नसेल तर लोक आधी बॅटरी बदलतात आणि मग पंप उघडतात, आणि शेवटी निघतं काय, तर चारातले दोन प्लग मेलेले. आधी प्लग तपासा, साधी टेस्ट लॅम्पपण पुरते.

पण हे इंजिन यायच्या आधीच्या पेट्रोल जीपा हजारोंनी रस्त्यावर होत्या आणि त्यांना डिझेल करायचं काम गॅरेजांनी केलं. मॅटाडोरचं इंजिन टाकलेली जीप जुन्या लोकांनी बघितलीच असेल. बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणाला, जोडपट्टी कातायची, इंजिन माउंट नवीन वेल्ड करायचे, रेडिएटर पुढे सरकवायचा. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे काळ्या-पिवळ्या चालायच्या, गाडी दोन दिवस उभी राहिली तर घरात चूल पेटायची नाही, त्यामुळे कंपनीच्या पार्टची वाट बघणं कुणाला परवडतच नव्हतं. द्राक्षवाल्यांचं तेच, बागेत औषधाचे ड्रम न्यायचे, पावसात काळ्या मातीतून बाहेर यायचं. आज ज्याला आपण मॉडिफिकेशन म्हणतो ते नाशिक जिल्ह्यात असं पोटापाण्याच्या दुरुस्तीतनं आलेलं आहे, हौस खूप नंतरची. देवळाली कॅम्पात तोफखान्याचं स्कूल असल्यामुळे जोंगा, वन टन या लष्करी गाड्या आणि नंतर जिप्सी डोळ्यासमोर रोजच्या, आणि लष्कराच्या लिलावातनं निघालेली जोंगा कुणी घेतली की तिचं चार लिटरचं पेट्रोल इंजिन पहिल्यांदा बाहेर.

जिप्सी ही वेगळ्या घराण्यातली. मुळात सुझुकीची एसजे ४१०, आपल्याकडे १९८५ च्या शेवटी आली, ९७० सीसी इंजिन. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, १९९६ ला १.३ लिटरची किंग, २००० ला एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन, ८० हॉर्सपॉवर, आणि २०१९ ला बंद. हलकी असल्यामुळे जिथे जीप रुतते तिथनं ही वरच्या वर निघून जाते. आणि एक योगायोग फार कामाचा आहे, जुन्या जीपचे आणि जिप्सीचे व्हील बोल्ट सारखेच, पाच बोल्ट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. त्यामुळे एकीची डिस्क, म्हणजे चाकाची रिम, दुसरीला लावायचा विचार होऊ शकतो, पण मधलं भोक आणि ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते, बघितल्याशिवाय लावू नका, चाक आत घासतं.

आता लिफ्ट. सीजे असो की जिप्सी, कंपनीतनं पाटे एक्सलच्या खाली असतात. पाटे उचलून एक्सलच्या वर घेतले की एका झटक्यात पाचेक इंच उंची मिळते आणि खर्च फक्त वेल्डिंगचा, म्हणून सगळे हेच करतात. मीपण केलं होतं. पण पाटे वर गेल्यावर स्टीअरिंगचा आडवा रॉड तिरका होतो, खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टीअरिंग आपोआप फिरतं, आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, वाकड्या कोनात चालून फाटतो. मला त्या गॅरेजवाल्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं, रॉड जसाच्या तसा ठेवून गाडी हातात दिली. त्र्यंबकच्या पुढे जव्हारच्या रस्त्याला एका खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागली की स्टीअरिंग हातात धरवेना, बायको शेजारी बसलेली, डावीकडे दरी. गाडी थांबल्यावर दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

त्यानंतर अंबडला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही, पहिलं चाक काढलं, आतला तो मोठा गोल लोखंडी गोळा उघडला ज्याच्यावर चाक वळतं, ऑइल सील काढून ठेवलं, आणि भिंतीवरचा भाजीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा घेतला. काट्याचा हुक नकलला, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या त्या सांध्याला, अडकवून हळू ओढायला लागले, किती वजनाला नकल फिरते ते बघत. माझी नकल काट्यावर काही दाखवायच्या आधीच फिरली. म्हणाले, ‘भाऊ, किंगपिनच्या बेअरिंगला दाबच नाही, हे ढिलं असताना तू गाडी उंच केली.’ किंगपिनच्या, म्हणजे नकल ज्यावर फिरते त्या खुंटीच्या, वरची टोपी उघडली, बेअरिंगवर दाब यावा म्हणून टोपीखालचं पातळ पॅकिंग एकेक करून काढलं, कागदासारखी पत्र्याची पाती ती, एक काढायचं, टोपी आवळायची, परत काटा लावून ओढायचं. दोन्ही बाजूंना मिळून अख्खी सकाळ गेली. ही रीत विलीजच्या काळातली आहे, बदललेली नाही कारण एक्सल बदललेला नाही. २०१० च्या सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेलच्या, थारला मात्र हे चालत नाही, पुढे सरळ एक्सलच नाही, पाट्यांऐवजी पिळणारे दांडे म्हणजे टॉर्शन बार आहेत, त्यामुळे जीपचे सल्ले त्या थारला लावू नका.

कायद्याचंही सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाही, आणि इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, पाच वर्षांसाठी होतं, आणि त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली होती. जुनी गाडी घेताना म्हणून पेंटच्या आधी चेसिस नंबर बघा, इंजिन नंबर आरसीशी जुळतोय का बघा. इंजिन बदललेल्या कितीतरी गाड्यांचे कागद अजून मूळ पेट्रोलचेच आहेत.

पार्टचं म्हणाल तर आधी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता, तिथे उभ्या उभ्या अख्खा एक्सल मिळायचा. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठी मोहीम काढून तो हटवला. अतिक्रमण होतं हे खरं, पण जुन्या गाड्यांवाल्यांचं खूप मोठं दुकान गेलं हेपण खरं. आता ओळखीने फोनाफोनी करून पार्ट मिळतात.

माझ्या गाडीचे पाटे मी परत एक्सलच्या खाली घेतलेत, प्रत्येक बाजूला एक जास्तीचं पान टाकून, दीड इंच उंची मिळाली आणि स्टीअरिंगचा रॉड सरळ झाला. भावलीकडच्या पावसाळी वाटांना तेवढं पुरतं. सध्या चढाला काळा धूर मारतेय, सोमवारी चारही नोझल काढून मायको सर्कलच्या पलीकडे टेस्टिंगला देणार आहे.