प्रश्नावली छापण्याआधी संशोधन प्रश्न दाखवा
(प्रबंध टायपिंग, डेटा एन्ट्री, विश्लेषण आणि बाइंडिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती)

भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ‘यातून काय निघतं ते बघा’ असं बरेच जण सांगतात. संशोधन प्रश्न काय, असं विचारलं की शीर्षक वाचून दाखवतात: ‘जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांच्या समस्यांचा अभ्यास’. हा विषय झाला. यात नेमकं काय शोधायचं आहे, ते अजून ठरलेलंच नाही.

त्याच विषयातला हा प्रश्न बघा: ‘रावेर तालुक्यात २०२४-२५ मध्ये मृगबाग आणि कांदेबाग केळीला मिळालेल्या क्विंटलमागच्या भावात फरक होता का?’ (मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली.) आता लागवडीचा महिना, कापणीचा महिना आणि हातात पडलेला भाव हे रकाने लागणारच. दोन्ही बागांचे शेतकरी नमुन्यात पुरेसे हवेत. उत्तर ‘फरक नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहतो. उलट ‘ठिबकने पाणी वाचतं का?’ यात शोधायला फारसं उरलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो: प्रश्नावलीत ‘भाव समाधानकारक मिळतो का? हो/नाही’ असं असतं आणि गाईड सरांना सरासरी नि टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी कसोटी) हवी असते. हो-नाहीवरून टक्केवारी निघेल, काय-स्क्वेअर (गटागटांतल्या हो-नाहीच्या प्रमाणाची तुलना करणारी कसोटी) लावता येईल. भावाची सरासरी कुठून आणणार? भाव रुपयांत लिहून घेतला तर नंतर गट पाडता येतात, पण गटांवरून मूळ आकडा मिळत नाही. मग पुन्हा रावेर, पुन्हा त्याच शेतकऱ्यांच्या दारात.

नमुन्यात माणसं ‘३८४च’ हवीत, हाही एक समज. तो आकडा मोठ्या लोकसंख्येतली एक टक्केवारी ९५ टक्के विश्वासपातळीवर, अधिक-उणे पाच टक्क्यांच्या फरकात अंदाजण्यासाठी आहे. दोन गटांची तुलना करायची तर हिशेब वेगळा.

प्रश्न ऐकल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण कोणती कसोटी लागणार हे कळल्याशिवाय सांगितलेला दर पुढे हमखास बदलतो. आकडे जुळवून आम्ही देत नाही. प्रश्नही तुमच्याऐवजी लिहून देत नाही, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आणि प्रश्नावलीचा कच्चा मसुदा छपाईआधी आणा. पहिली तपासणी मोफत. कोणत्या प्रश्नातून कोणतं कोष्टक तयार होईल, ते रिकामं आखून दाखवतो. छपाई कुठेही करा. आमच्याकडे केलीत तर उत्तरांचे कोड (प्रत्येक उत्तरासाठी ठरवलेला आकडा) बाजूलाच छापून देतो, त्यामुळे एन्ट्री लवकर होते आणि तिचा दरही कमी लागतो.