साहेबाचा चेहरा आणि लाळेतलं कॉर्टिसॉल

'हार्ट अटॅक साहेब लोकांना. शिपायाला कसला आलाय ताण?' हे अजूनही ऐकू येतं. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीने त्याचा निकाल केव्हाच लावला. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरक मिटेना. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत एक धागा सापडला: कामाचा क्रम आणि पद्धत स्वतः ठरवण्याची मुभा जिथे कमी, तिथे हृदयविकार जास्त.

पण वरिष्ठाच्या वागण्याचा धमन्यांशी संबंध येतो कुठून?

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी मांडली. परीक्षकांपुढे ५ मिनिटं बोलायचं: या नोकरीला मीच का लायक. परीक्षक हसत नाहीत, मानही डोलवत नाहीत. पुढची ५ मिनिटं १०२२मधून १३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलात की 'थांबा. १०२२.' लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, दुपटी-चौपटीने चढतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत पोचतं आणि तिथे कॉर्टिसॉल बनतं. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून प्रसंग संपून १०-२० मिनिटं झाल्यावर पातळी शिखराला जाते. पुढे तेच कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरीला लगाम घालतं. एखाद्या वेळी काही बिघडत नाही. रोजच घडलं, तर लगाम ढिला पडू शकतो; मग रक्तातली साखर, रक्तदाब, पोटावरची चरबी अशी रांग लागते.

डिकरसन आणि केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली असे २०८ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या अवघड कामाने कॉर्टिसॉल फारसं हलत नाही. दुसऱ्यांकडून जोखलं जाणं आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हाती नसणं, ही जोडी जमली की ते सर्वांत जास्त चढतं. चारचौघांत झापणारा, सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच सांगणारा साहेब ही जोडी फुकट पुरवतो. मग केबिनचं दार वास्तुशास्त्राने पूर्वेला फिरवा, नाहीतर वर्षातून एकदा 'वेलनेस डे' साजरा करा, ही जोडी तशीच राहते.

व्हाइटहॉलमध्ये विचारलेले प्रश्न साधे होते. वरिष्ठ उगाच दोष देतात का? माहिती पुरेशी आणि एकसारखी मिळते का? अडचण ऐकून घेतात का? शाबासकी देतात का? २००५च्या निष्कर्षांत, ज्या पुरुषांना वागणूक न्याय्य वाटत होती त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी आढळला.

अशाच प्रश्नावलीने कर्मचाऱ्यांची संस्थेशी बांधिलकी मोजताना मात्र गफलत होते. मायर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ साली तिचे तीन प्रकार मांडले: मन रमलंय म्हणून राहणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. पहिलीसोबत ताण कमी आढळतो, दुसरीसोबत जास्त. 'नोकरी सोडणार का?' एवढंच विचारलं तर तिघेही 'नाही' म्हणतात, आणि एचआर खूश! तेव्हा तिन्हींचे प्रश्न वेगळे ठेवा. साहेबाबद्दलचे आणि तब्येतीबद्दलचे प्रश्न एकाच बैठकीत विचारू नका. वैतागलेला माणूस दोन्हीकडे कमी गुण देतो आणि नसलेला संबंधही दिसू लागतो. पाच जणांच्या विभागाचा निकाल तर वेगळा काढूच नका. कोणी काय लिहिलं हे साहेब लगेच ओळखतो.