चंद्रावरच्या गाडीला स्वेटर का पुरत नाही

कोजागिरीला लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर दूध आटवायचं, ही इंदूरमधली आमची जुनी पद्धत. यंदा पातेल्याभोवती बसलो असताना शेजारच्या काकूंनी वर बघत विचारलं, "प्रज्ञान तिथे गारठून पडलाय ना रे? एवढी हुशार माणसं, त्या गाडीला एखादा स्वेटर नसता का घालता आला?" दोघं-तिघं हसले. प्रज्ञान म्हणजे चांद्रयान-3 ने चंद्रावर नेलेली छोटी गाडी, म्हणजे रोव्हर. पण चंद्रावर रात्र कशी काढायची हा सगळा प्रश्न काकूंच्या त्या एका वाक्यात आला आहे. स्वेटर प्रत्येक रोव्हरला असतोच. तो पुरत का नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी एक गैरसमज दूर करू. कोजागिरीला आपण चंद्र बघतो तेव्हा प्रज्ञान अंधारात नसतो. पौर्णिमा म्हणजे आपल्याकडे तोंड असलेल्या सगळ्या बाजूवर ऊन. प्रज्ञान जिथे उभा आहे तिथे शुद्ध पंचमीच्या आसपास उजाडतं आणि वद्य पंचमीच्या आसपास मावळतं. तारखा लावून बघा: प्रज्ञानला घेऊन विक्रम हा लँडर, म्हणजे उतरणारं यान, चंद्रावर टेकला 23 ऑगस्ट 2023 ला, सूर्य नुकताच वर आला होता. 2 सप्टेंबरला प्रज्ञानला आणि 4 सप्टेंबरला विक्रमला झोपवलं, कारण सूर्य कलला होता. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत तिथे आपले साडेएकोणतीस दिवस जातात. त्यातली रात्र पावणेपंधरा दिवसांची, म्हणजे सुमारे 354 तासांची.

आता थंडी. आपल्या भागात म्हण आहे: सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा. दिवसभर कितीही तापलं तरी माळव्याची रात्र गार आणि सुखाची. माळव्याचं पठार उंचावर आहे, हवा कोरडी आणि आकाश बहुतेक वेळा निरभ्र. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री अदृश्य किरणांच्या रूपाने, म्हणजे अवरक्त प्रारणाने, सरळ वर निघून जाते. ढग आणि दमटपणा असला की त्यातली बरीचशी उष्णता परत खाली फेकली जाते, म्हणूनच मुंबईची रात्र चिकट. थंडी कुठून येत नाही, उष्णता निघून जाते.

चंद्रावर हीच शब-ए-मालवा आहे, पण हवेविना आणि पावणेपंधरा दिवस चालणारी. वर पांघरूण नाही आणि खालून ऊबही नाही. तिथली माती रांगोळीहून बारीक, तिचे कण एकमेकांना जेमतेम टोकाला टेकलेले आणि मधल्या फटींत हवा नाही. अशी भुकटी उष्णता जवळजवळ वाहूच देत नाही, या बाबतीत ती साध्या हवेलाही मागे टाकते. विक्रमवरच्या 'चास्ते' नावाच्या उपकरणाने तापमापक जोडलेली सळई मातीत खुपसली, तेव्हा वर पन्नास अंशांच्या पुढे आणि 8 सेंटिमीटरवर उणे 10 च्या आसपास तापमान निघालं. चार बोटं खोलीत साठ अंशांचा फरक! मला तो आलेख अजून डोळ्यांसमोर दिसतो. दिवसाचं ऊन मातीच्या सालीतच राहतं, त्यामुळे रात्र झाली की परत द्यायला जमिनीजवळ काही नसतं. पृष्ठभाग उणे 180 अंशांच्याही खाली जातो.

इथे थोडं गणित करावं लागेल. कोणतीही वस्तू किती उष्णता बाहेर फेकते हे तिच्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. तापमान मात्र केल्विनमध्ये मोजायचं. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे 273 केल्विन. या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे 315 वॉट फेकतो. 273 चा तिसरा हिस्सा 91, आणि 91 केल्विन म्हणजे उणे 182 अंश. तापमान एक तृतीयांश झालं, पण बाहेर जाणारी उष्णता 3 गुणिले 3 गुणिले 3 गुणिले 3, म्हणजे 81 पटींनी घटली. आता ते जेमतेम 4 वॉट. म्हणजे वस्तू गरम असते तेव्हा उष्णता धो धो वाहून जाते आणि गारठल्यावर थेंब थेंब गळते. रोव्हरला ऊब राखायची असेल तर नेमकं त्या धो धो वाहण्याच्या टोकालाच चौदा-पंधरा दिवस तग धरायचा आहे. भोवतालची जमीन केव्हाच गार झालेली असते, तिच्याकडून काही परत मिळत नाही.

स्वेटर कामाला येतो तो इथे. चकचकीत धातूचा मुलामा दिलेले पातळ प्लास्टिकचे वीस-तीस पदर, मधे जाळी, असं पांघरूण यंत्राला गुंडाळतात. प्रत्येक पदर आलेली उष्णता परत आत फेकतो. थर्मासमध्ये हेच चालतं: काचेच्या दोन भिंती, मधे पोकळी, आतून चांदीसारखा लेप. त्या रात्री मी काकूंसमोर मोजूनच दाखवलं. एकाच पातेल्यातलं 80 अंशांचं दूध नऊ वाजता थर्मासात आणि स्टीलच्या पेल्यात ओतलं. अकरा वाजता पेला 29 वर आला होता. सकाळी सातला थर्मासातलं दूध 56 वर होतं. पोकळीत वस्तू क्षणात गोठते असं लोकांना वाटतं. उलट पोकळीसारखं दुसरं पांघरूण नाही. पण थर्मासातलं दूधसुद्धा गार होतच होतं. स्वेटर ऊब तयार करत नाही, असलेली ऊब लवकर जाऊ देत नाही, एवढंच.

मग हिशेब मांडू. चांगल्या पांघरुणाने ते 315 वॉट दोन-तीन टक्क्यांवर येतात. त्यात चाकांच्या दांड्यांतून आणि तारांतून होणारी गळती धरा. तांब्याची प्रत्येक तार म्हणजे स्वेटरला पडलेलं भोक. छोट्या रोव्हरसाठी 10 वॉट धरू, रात्रीच्या दिव्याएवढे. 354 तास गुणिले 10 म्हणजे 3,540 वॉट-तास, साडेतीन युनिट वीज. ती साठवायला किलोमागे 150 वॉट-तास देणारी लिथियम-आयन बॅटरी घेतली तर वजन झालं सुमारे 24 किलो. आणि अख्खा प्रज्ञान, चाकं, कॅमेरे, दोन उपकरणं, सगळं मिळून 26 किलोचा!

म्हणूनच इस्रोने पहिल्यापासून एका चांद्रदिवसाचीच मोहीम आखली होती, आणि त्या दिवसात प्रज्ञान शंभर मीटर चालला, मातीत गंधक असल्याचं दाखवून गेला. झोपवताना बॅटरी पूर्ण भरलेली होती, सौर पट्टी उगवत्या सूर्याकडे वळवलेली होती, रिसीव्हर चालू ठेवला होता. 22 सप्टेंबरला साद घालायला सुरुवात केली, तेव्हा गणपतीचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या मंडपात आरतीनंतर प्रज्ञानसाठी गाऱ्हाणं घातलं गेलं. प्रेम खरं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती टीव्हीवर आठवडाभर 'आज जागा होणार' म्हणत बसलेल्यांबद्दल. जागं होणं हे वरकड होतं, ते न झाल्यावर लोकांना मोहीम फसल्यासारखं वाटलं, आणि हा त्या माणसांच्या कामावर अन्याय आहे. तसाच दुसरा प्रकार कोजागिरीचा. चंद्रकिरणांत ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध घ्यायला आपल्याकडे रांगा लागतात. चांदणं म्हणजे चंद्राच्या मातीवरून परतलेलं ऊनच, तेही सूर्याच्या सुमारे चार लाखाव्या हिश्श्याएवढ्या तेजाचं. खीर खा, इनहेलर मात्र सोडू नका.

थंडीत यंत्राचं मोडतं काय? बॅटरीतला द्राव गोठतो. सर्किटवरचं डाखकाम, तांबं आणि फायबरचा बोर्ड प्रत्येकजण वेगवेगळ्या मापाने आक्रसतो, सांधे ताणले जातात, बारीक चिरा पडतात. आणि सकाळी आणखी एक संकट. पट्टीवर ऊन पडताच गारठलेल्या बॅटरीत वीज भरायला घेतली, तर लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता धातू होऊन वर साचतं आणि बॅटरी बाद होते. आधी तिला ऊब द्यायची, मग वीज. जपानचा स्लिम हा लँडर जानेवारी 2024 मध्ये नाकावर उलटा पडला, रात्रीसाठी बनवलेलाही नव्हता, तरी तीन रात्रींनंतर बोलला. डाखाचे सांधे कधी कधी असेही टिकतात, पण त्यावर मोहीम आखता येत नाही.

तर स्वेटरच्या आत सिगडी हवी. तीही कोळसा न भरता चालणारी. प्लुटोनियम-238 हे मूलद्रव्य आपोआप विघटित होत राहतं आणि गरम राहतं. त्याची निम्मी मात्रा संपायला जवळजवळ 88 वर्षं लागतात. त्याच्या ऑक्साइडची तीन ग्रॅमपेक्षा छोटी गोळी एक वॉट उष्णता देते, वेष्टणासकट वजन 40 ग्रॅम. अशा दहा गोळ्या म्हणजे 400 ग्रॅम. त्या 24 किलोंसमोर 400 ग्रॅम! भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या एकेक वॉटच्या दोन सिगड्या चांद्रयान-3 च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर होत्या, पण तो तेव्हा चंद्राभोवती फिरणारा भाग. उतरलेल्या जोडीत नव्हत्या.

पण सिगडी विझवता येत नाही, आणि खरी गंमत इथून सुरू होते. विषुववृत्ताजवळ भर दुपारी चंद्राची जमीन शंभर अंशांच्या पुढे जाते. रात्री जो स्वेटर जीव वाचवतो, तोच दुपारी आतल्या यंत्राला उकडून काढेल. म्हणजे दिवसा उघडा आणि रात्री मिटणारा स्वेटर हवा. रशियन अभियंत्यांनी तो 1970 मध्येच करून दाखवला. 17 नोव्हेंबरला चंद्रावर उतरलेला लुनोखोद-1 दिसायला आठ चाकांवरच्या घंगाळासारखा, वर झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला सौर पट्ट्या. सकाळी झाकण उघडलं की पट्ट्या उन्हात येत आणि घंगाळाचा वरचा भाग मोकळा होऊन आतली उष्णता आकाशात फेकी. संध्याकाळी झाकण बंद. आत वायू भरलेला होता, पंखा तो वायू मागच्या पोलोनियम-210 च्या सिगडीवरून फिरवी, आणि ती ऊब सगळ्या यंत्रांना मिळे. पोलोनियमची निम्मी मात्रा 138 दिवसांतच संपते, तरी ही गाडी सप्टेंबर 1971 पर्यंत रात्रीमागून रात्री काढत साडेदहा किलोमीटर चालली. क्रिमियातून पाच जणांची तुकडी ती हाकत होती; चित्र येणार काही सेकंदांनी एक, आणि ब्रेक दाबला तरी संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांवर वेळ.

लुनोखोद-2 जानेवारी 1973 मध्ये उतरला आणि 39 किलोमीटर चालला. त्याला रात्रीने मारलं नाही. मे महिन्यात एका विवराच्या कडेला त्याचं उघडं झाकण घासलं, सौर पट्ट्यांवर माती बसली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे झाकण मिटलं आणि ती माती खाली, उष्णता फेकणाऱ्या भागावर सांडली. वर सांगितलेली तीच रांगोळी, उष्णता न वाहू देणारी. पुढच्या सकाळी झाकण उघडलं, पण उष्णतेला वाट उरली नव्हती. गाडी आतल्या आत तापून बंद पडली.

पुढे हेच काम चीनच्या युतू-2 या रोव्हरने वर्षानुवर्षं केलं. जानेवारी 2019 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरली, आत प्लुटोनियमची ऊब, रात्रीआधी पट्टी मिटायची, सूर्य वर आला की जागं व्हायचं. भारत आणि जपान मिळून चांद्रयान-5 चा रोव्हर पाठवणार आहेत, त्याचं वजन प्रज्ञानच्या कितीतरी पट असेल. वजन वाढलं की बॅटरीला जागा मिळते, आणि मोठ्या वस्तूला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून गळतीही कमी. पातेलंभर दूध पेल्यापेक्षा उशिरा निवतं, तसं.

काकूंना मी वद्य पंचमीची वेळ सांगून ठेवली. रात्री साडेनऊच्या सुमारास चंद्र वर आला, तेव्हा गच्चीवर त्यांच्यासोबत उभं राहून पाहिलं. एका बाजूची कड खाल्लेली होती, उजेड आणि काळोखाची रेघ आतपर्यंत सरकलेली. त्याच रेघेवर, खाली दक्षिणेकडे, त्या वेळी प्रज्ञानचा सूर्य मावळत होता.